दोन रेडियल, दोन नायलॉन आणि एक कोरडं तळं

पुढं दोन नवे रेडियल टायर आणि मागं दोन जुने नायलॉनचे — हा मी आयुष्यात सगळ्यात जास्त डोकं लावून केलेला मूर्खपणा.

ज्यांना गाडीतलं कळतं त्यांनी इथंच कपाळाला हात लावला असेल. लावा, माझी हरकत नाही. ज्यांना कळत नाही त्यांनी जरा दम धरा, ओघात सांगते.

या ग्रुपवर मी रोज दुपारी चहाबरोबर तुमचे अनुभव वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागं घुंगरं वाजतात... खरं सांगते, बहुतेक वेळा मला हसू येतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे किती, तर माझ्या सासूबाई अमावास्येला गाडी बाहेर काढू द्यायच्या नाहीत, म्हणून मी मुद्दाम अमावास्येलाच पेट्रोल भरायला जायची. आजही मला कुणी विचारलं, भूत असतं का, तर मी नाहीच म्हणेन. फक्त एका दुपारबद्दल मला काही म्हणता येत नाही. तेवढीच लिहिते आणि गप्प बसते.

आम्ही अहमदपूरचे. घरात आडत दुकान, दारात पांढरी अँबॅसिडर. माझं माहेर उदगीर. वडिलांची जीप होती आणि त्यांनी मला शेतातल्या गाडीवाटेवर चालवायला शिकवलं होतं. मला बघायला आले तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, मुलीला काय काय येतं, तर वडील सरळ म्हणाले, "जीप चालवते." पाहुण्यांना तो विनोद वाटला. लग्नानंतर आठवडाभरात मी अँबॅसिडर मागं घेऊन गोठ्याच्या भिंतीला लावली तेव्हा त्यांना कळलं, विनोद नव्हता.

काळ सांगते. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आधी कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालायचे, ते थांबले म्हणून सगळे खूश होते. पाट्या बदलल्या, साहेब बदलले. आणि मग पावसानं पाठ फिरवली. अहमदपूरला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही टँकरनं. आमचे सासरे — त्यांना सगळे अप्पा म्हणायचे — कपाळावर विभूतीचे पट्टे ओढता ओढता बोलायचे, "जिल्हा नवा दिला, पाऊस मात्र पाठवायचा इसरले."

अशा दिवसांत मला सुचलं काय, तर टायर.

माझा भाऊ हैदराबादला होता. तो मोटारींची इंग्रजी मासिकं वाचून झाली की माझ्याकडं पाठवायचा. त्यात रेडियल टायरचं मोठं कौतुक. साध्या नायलॉनच्या टायरात दोरे आडवे-तिडवे विणलेले असतात, त्यामुळं तो सगळीकडून ताठ. रेडियलची कड नरम आणि तळवा सपाट, म्हणून वळणावर तो रस्ता सोडत नाही. स्टेअरिंग जरा हलवलं की गाडी लगेच ऐकते. 'परफॉर्मन्स' हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा वाचला आणि पुढं सहा महिने घरातल्या सगळ्यांना बेजार केलं. भाकरी करपली तरी मी म्हणायची, तव्याचा परफॉर्मन्स चांगला नाही.

शेवटी आमचे हे मला नांदेडला घेऊन गेले. टायरच्या दुकानात अँबॅसिडरच्या मापाचे रेडियल दोनच होते, उरलेले दोन पुढच्या महिन्यात येणार. ह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मागचे जास्त घासलेत. नवे मागं टाकू."

ह्यांना टायरातलं ओ की ठो कळत नव्हतं. फक्त घासलेलं आधी बदलायचं, हा दुकानदारी हिशेब. आणि तो हिशेब बरोबर होता, हे मला फार नंतर कळलं.

मी मात्र दुकानाच्या फळीवर बसून भाषण दिलं. "अहो, गाडी वळवतं कोण? पुढचं चाक. ब्रेक जास्त कुणाला लागतो? पुढच्याला. मागचं चाक नुसतं ढकलतं. त्याला कशाला हवंय रेडियल?"

दुकानदार म्हणाला, "ताई म्हणतात तसं करू. माल नवा हाय, आमालाबी एवढा अंदाज न्हाई."

टायर पुढं बसले. परतीला गाडी मीच चालवली. वाटेतल्या लोहा गावाच्या पुढं एका वळणावर शेळी आडवी आली, मी स्टेअरिंग कापलं. पुढची बाजू सुईसारखी वळली आणि मागची बाजू अशी काही लांब गेली की ह्यांनी भाकरीचा डबा पोटाशी धरला.

"हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"हँडलिंग."

"हँडलिंग असं असतंय व्हय?"

"पुढचं चाक रस्त्याला कसं चिकटलं, बघितलंत ना?"

"पुढचं बघितलं. मागचं कुठं निघालं होतं?"

"येतंय की मागनं."

 घरी येईपर्यंत डबा ह्यांच्या मांडीवरच होता. आत्याबाईंनी — म्हणजे माझ्या सासूबाईंनी — दोन्ही नव्या टायरांना विभूती लावली, खाली लिंबू ठेवलं, आणि मला म्हणाल्या, "आता हळू चालवत जा म्हणजे झालं." मी मान डोलावली आणि मनातल्या मनात त्यांची कीव केली. तेव्हा माझं वय तिशीच्या आतलं. त्या वयात दुसऱ्याची कीव फार लवकर येते.

आता खरी गोष्ट.

माझी नणंद शकू, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिला मुखेडच्या बाजूला एका खेड्यात दिलेलं. गावाचं नाव लिहीत नाही, आमचे सोयरे अजून तिथं राहतात. तिचं पहिलं बाळंतपण घरीच अडलं होतं आणि मूल गेलं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस राहिलेले. अहमदपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, मूल पायाकडून आहे, कळा सुरू झाल्या की सुईणीची वाट न बघता थेट माझ्याकडं आणा.

रीतीप्रमाणं सातव्या महिन्यातच तिला माहेरी आणायला पाहिजे होतं. पण आमच्याकडं पाण्याची ती तऱ्हा, आणि तिच्या सासरच्या विहिरीला अजून पाणी होतं. बाळंतिणीला न्हाण्याला पाणी लागतं, बाळाचे कपडे धुवायला लागतं. आणायचं की ठेवायचं यावर ओसरीवर चर्चा झाली. आत्याबाई म्हणत होत्या, आणा. अप्पा म्हणत होते, अजून महिना आहे.

मी आतून बाहेर आले आणि म्हणाले, "राहू द्या तिला पाण्यापाशी. निरोप आला की मी जाते अन् तासाभरात घेऊन येते. आता रेडियल आहेत."

ते वाक्य मी म्हणाले होते. दुसरं कुणी नाही.

वैशाखातल्या एका सकाळी जावई फटफटीवर दारात आले. पाय खाली टेकवायच्या आधीच म्हणाले, "पहाटेपासून कळा हायत. चला."

हे त्या दिवशी बाजार समितीच्या कामाला लातूरला गेलेले. मी पदर खोचला, आत्याबाईंना मागच्या सीटवर बसवलं आणि निघाले. जावई फटफटीवर पुढं. ते म्हणाले, "सडकेनं नका येऊ, लई वळसा हाय. तळ्यातनं वाट झालीय, माझ्या मागं या."

हे तळं म्हणजे अप्पांच्या तरुणपणी बांधलेलं. त्याचा एक काठ नांदेड जिल्ह्यात, दुसरा आमच्या नव्या लातुरात. तळं झालं तेव्हा निजामाच्या वेळची सडक त्यात बुडाली आणि नवी सडक लांबून वळसा घालून गेली. त्या साली तळं पार आटलं आणि बुडालेली सडक वर आली. तिच्या कडेचे मैलाचे दगड तसेच, वर उर्दूतले आकडे. मधोमध एक बुटका दगडी पूल. चार महिन्यांपासून बैलगाड्या, टँकर, सगळे तिथूनच ये-जा करत होते. म्हणजे बघा, आडरान वगैरे काही नव्हतं. रहदारीची वाट होती.

काठावर जावयांनी फटफटी थांबवली, बाटलीतलं थोडं पाणी जमिनीवर सोडलं. आत्याबाईंनीही खिडकीतून तांब्यातलं ओतलं. त्या गावांची ती पद्धत होती — तळं कोरडं असलं तरी त्यात उतरताना पाणी द्यायचं.

मी म्हणाले, "माणसाला टँकर मिळंना, अन् तुम्ही तळ्याला पाजताय."

आत्याबाई म्हणाल्या, "ज्याचं घर त्याला इचारून जावं माणसानं. तू चालव."

जाताना काहीही झालं नाही. हे मुद्दाम लिहिते. वाट टणक होती, टायर खडीवर घूं करत होते, पंधरा-वीस मिनिटांत आम्ही पलीकडं.

शकूला बघितलं. चेहरा राखेसारखा. तिला उचलून मागच्या सीटवर आडवी केली, डोकं आत्याबाईंच्या मांडीवर. मला बघून हसायचा प्रयत्न केला तिनं. म्हणाली, "वैनी, आलात का तुमचे ते टायर घेऊन."

"आले. आता तू फक्त डोळे मिटून पड."

जावई म्हणाले, मी पुढं जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगतो, टेबल तयार ठेवतो. ते गेले. त्याच वाटेनं गेले, आमच्या थोडंच आधी, आणि त्यांना वाटेत काही झालं नाही. हेही मुद्दाम लिहिते.

काठावर मी न सांगता गाडी थांबवली. आत्याबाईंनी पाणी सोडलं, या वेळी अर्धा तांब्या.  म्हणजे रीत चुकली असं कुणी म्हणू नका. रीत आम्ही केली होती.

भर दुपार. ऊन असं की समोरची जमीन हलत होती. मी अगदी हळू चालवत होते, शकूला हिसका बसू नये म्हणून... बैलगाडी बरी म्हणाल इतकी हळू. निम्मं तळं पार झालं, पूल समोर दिसायला लागला आणि आवाज थांबला.

इंजिनाचा नाही, इंजिन चालू होतं. टायरांचा थांबला. खडीवरचा तो घूं आवाज दार लावून घेतल्यासारखा बंद झाला.

मग स्टेअरिंग हलकं झालं. त्या गाडीचं स्टेअरिंग म्हणजे जातं, दोन्ही हातांनी ओढायचं. ते एका बोटानं फिरायला लागलं. तुमच्यापैकी कुणी भर पावसात साचलेल्या पाण्यात जोरात गाडी घातली असेल तर हे माहीत असेल — क्षणभर हातात काही उरत नाही, टायर आणि रस्ता यांची ताटातूट होते. पण ते क्षणभर. लगेच टायर रस्ता धरतो आणि जीवात जीव येतो. इथं तो धरेचना.

मी पूर्ण डावीकडं फिरवलं. काही नाही. पूर्ण उजवीकडं. काही नाही. ब्रेक दाबला, तो पायाला नेहमीसारखा घट्ट लागला, म्हणजे फेल नव्हता. चाकं थांबली असणार. गाडी थांबली नाही.

मागची बाजू फिरायला लागली. लोह्याला फिरली होती तशी नाही. घसरलेली गाडी झटका देते, टायर ओरडतो, धुरळा उठतो. इथं धुरळा नाही, आवाज नाही. परातीत पाणी घेऊन त्यात वाटी सोडली की ती जशी आपल्या मनानं फिरते, तशी आमची एवढी थोरली गाडी फिरत होती. मैलाचा दगड एकदा डाव्या खिडकीतून गेला, मग समोरून, मग उजव्या.

मी पाणी बघितलं नाही. काचेतून मला तळ्याचा तळ दिसत होता, भेगा पडलेला, पांढरा पडलेला, मध्ये एक मेलेलं झुडूप. पाण्याचा एक थेंब नाही. फक्त गार झालं होतं. वैशाखातल्या दुपारी माझ्या दातांवर दात वाजत होते आणि शेवाळाचा वास येत होता, जुन्या आडात डोकावल्यावर येतो तो.

मागं आत्याबाई "शिवा, शिवा" म्हणत होत्या. शकू इतका वेळ कण्हत होती, ती एकदम गप्प झाली होती. मला वाटलं, गेली. मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी स्टेअरिंग फिरवत राहिले. दुसरं काय करायचं असतं, ते मला आजही माहीत नाही. कुणीतरी आपल्याला हातात धरलेलं असावं आणि आपण त्याच्या हातात नुसते हातपाय हलवत असावेत...

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग खालून हलका धक्का लागला, होडी काठाला लागते तसा. इंजिन बंद पडलं. गाडी पुलापाशी उभी होती, तोंड आलो त्या गावाकडं, शेपूट अहमदपूरकडं.

मी खाली उतरले आणि टायर बघितले. चारी टायर ओले. नव्या रेडियलच्या नक्षीत बारीक बारीक खाचा असतात — त्याच बघून मी भाळले होते — त्या खाचांत हिरवं शेवाळ अडकलेलं. मडगार्डमधून थेंब गळत होते आणि जमिनीवर पडायच्या आत जणू पुसले जात होते, कारण जमीन कोरडीच होती. मागं बघितलं. धुळीत आमच्या चाकांच्या खुणा स्पष्ट येत होत्या आणि एका जागी संपत होत्या. तिथून गाडीपर्यंत एखाद्या खळ्याएवढी जागा होती. तिच्यावर एकही ओरखडा नाही.

हे सगळं बघायला मला जेवढा वेळ लागला, तेवढाच लागला. कारण मागून आत्याबाईंनी हाक मारली. शकूला कळ आली होती आणि आता ती थांबणारी नव्हती.

मी गाडी सुरू करायला धावले. सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. बॉनेट उघडलं. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या, टोपीत ओल गेली की असं होतं, हे वडिलांनी शिकवलं होतं. टोपी काढली. आतून ओली. दुष्काळात, भर उन्हात, मी लुगड्याच्या पदरानं टोपी पुसत होते आणि माझ्या मागं, उघड्या दारातून, शकू ओरडत होती. टोपी लावली. नाही. प्लग काढले, तेही ओले. एकेक पुसला. घाईत एक प्लग तिरका बसला आणि तो पुन्हा काढावा लागला. एरवी दर घटकेला एखादी बैलगाडी जाणारी ती वाट. त्या वेळी चिटपाखरू नव्हतं.

मुलगी झाली. आत्याबाईंनी केलं सगळं, एकट्यांनी, त्यांना जेवढं येत होतं तेवढं. पाय आधी आले, डोकं अडकलं. फार वेळ अडकलं. ती रडली नाही. आत्याबाईंनी तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, तांब्यात उरलेलं पाणी शिंपडलं. मी पाना हातात घेऊन उभी होते. मासिकातलं, वडिलांनी शिकवलेलं, मला येत होतं ते सगळं गाडीचं होतं.

नंतर मी किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

अहमदपूरला पोचलो. डॉक्टरीणबाईंनी शकूला वाचवलं, संध्याकाळपर्यंत रक्त थांबत नव्हतं. मी त्यांना विचारलं, वेळेवर आणलं असतं तर? त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "वाचलंही असतं. नसतंही. पायाकडून होतं बाई, मी काय सांगू?" इतकी वर्षं मी त्या उत्तराला उलटून पालटून बघते आहे, ते काही बोलत नाही.

हे रात्री लातूरहून आले. टायर बघायला गेले तेव्हा ते वाळले होते, खाचांत हिरवी भुकटी. त्यांनी ती बोटावर घेतली, वास घेतला आणि हात झटकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही रेडियल काढून जुने टायर लावले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बोलायला बाकीचे होतेच. जावयांचे भाऊ म्हणाले, बाईमाणसाच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार. कुणी म्हणालं, मला ऊन लागलं, मृगजळ दिसलं. अहो, मृगजळ दिसायला तरी पाहिजे ना — मला तर पाणी दिसलंच नव्हतं. गाडी ओली झाली होती म्हणून मी सांगितलं तर बायका म्हणाल्या, बाळंतिणीचंच असेल. बॉनेटखाली कसं गेलं, ते कुणी सांगितलं नाही. गुरवाला विचारलं तर तो म्हणाला, पाणी कमी सोडलं असेल. तांब्याचं माप काय असतं, विचारलं, तर तो घंटा पुसायला लागला.

माझा नातू आता पुण्याला गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला सगळं सांगितलं. पहिल्या वाक्यालाच तो हसायला लागला.

"आजी, पुढं रेडियल आणि मागं नायलॉनचे क्रॉस-प्लाय? सगळ्यात डेंजर कॉम्बिनेशन निवडलंस. मागचं आधी सुटणार आणि गाडी गरकन फिरणार. दोनच होते तर मागं टाकायचे होते."

"आजोबा तेच म्हणत होते."

"मग ऐकायचंस ना."

"तुझी आजी कुणाचं ऐकते?"

मग मी त्याला स्टेअरिंग हलकं झालं ते सांगितलं, आवाज थांबला ते सांगितलं. त्याचं हसणं कमी झालं. म्हणाला, "हे अगदी पाण्यावर टायर तरंगल्याचं वर्णन आहे. पण त्याला पाणी लागतं. आणि स्पीड लागतो, बराच. तुझा किती होता?"

"बैलगाडीचा."

तो बराच वेळ मोबाइलवर काहीतरी बघत बसला. शेवटी म्हणाला, "टायरमुळं गाडी फिरली असेल, एवढं मी मान्य करतो." बाकीचं त्यानं तसंच सोडून दिलं. तसंच सोडण्यासारखं आहे ते. टायरमुळं झालं म्हणावं तर शेवाळ उरतं. तळ्यानं केलं म्हणावं तर मग ओसरीवर मी जे म्हणाले होते ते राहतं. दोन्हीतलं एक पुरतं खरं असतं तर मला एका बाजूला बसून निवांत रडता आलं असतं.

शकूचं पुढं चांगलं झालं. दोन मुली झाल्या, दोन्ही लातूरच्या दवाखान्यात. आता तीही आजी आहे आणि माझ्यापेक्षा जास्त खोड्या करते. पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीचं. त्या साली उशिरा का होईना, पाऊस पडला, तळ्यात पाणी आलं, सडक परत बुडाली. पंचमीला शकू माहेरी आली. आम्ही दोघी चुलीपाशी पुरण वाटत होतो, घरात दुसरं कुणी नव्हतं. तोपर्यंत तिच्याशी त्या दिवसाबद्दल मी एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी काढला. म्हणाले, शकू, ते टायर मी पुढं लावायला लावले, तुला तिकडं ठेवा असंही मीच म्हणाले, आणि गाडी माझ्याच्यानं वळली नाही.

तिनं पाट्यावरचं पुरण गोळा केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"वैनी, टायरचं मला काय कळत न्हाई. तुमचे हात सारखे फिरत होते, ते मी मागनं बगत होते. तुमाला हाक मारायची होती, पर तोंडातनं आवाजच निगंना... पाणी तुमच्या गुडघ्याच्या वर आलं होतं, आन् तुमी खाली बगतच नव्हतात."